ट्रॉमा थेरपीतला मन-शरीर दृष्टिकोन

ट्रॉमावर, म्हणजे अपघात, अत्याचार अशा घटनेतून बसलेल्या खोल धक्क्यावर, उपचार करताना मन आणि शरीर वेगळं न धरता दोन्हीवर एकत्र काम करायचं, याला मन-शरीर किंवा होलिस्टिक दृष्टिकोन म्हणतात. ही एकच ठरलेली थेरपी नाही, तर थेरपिस्टची काम करायची रीत आहे, म्हणजे बोलणं तर असतंच पण त्याच्या जोडीला श्वास, स्नायूंचा ताण, झोप, हालचाल, पोटाच्या तक्रारी हे सगळंही उपचारात धरलं जातं. ट्रॉमा हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ जखम, आणि तो आधी शरीराच्या जखमेसाठीच वापरला जायचा, मनासाठी नंतर आला.

मराठी बोलणाऱ्याला खरं तर हे सगळं नवीन वाटायला नको. आपण भीती सांगतो ती शरीरातूनच सांगतो, पोटात गोळा आला, घशाला कोरड पडली, छातीत धस्स झालं, हातपाय गळाले. साध्या भीतीत हे थोड्या वेळात ओसरतं. ट्रॉमात ते ओसरत नाही, घटनेला दहा वर्षं होऊन गेली तरी दार जोरात आपटलं की तोच गोळा परत पोटात येतो.

शरीरात काय होतं

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला इशारा देतो, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि पचन मंदावतं. शरीर लढायला नाहीतर पळायला तयार होतं. पण दोन्ही शक्य नसेल तर ते थिजतं, यालाच फ्रीज म्हणतात, आणि हा भाग लोकांपर्यंत पोचायलाच हवा, कारण अत्याचार सोसलेल्या कितीतरी जणांना मी ओरडले का नाही, मी हात का उचलला नाही ही टोचणी वर्षानुवर्षं असते. थिजणं हा ठरवून घेतलेला निर्णय नसतो, ती संमती तर नसतेच, ती मज्जासंस्थेची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. एवढं नीट समजलं तरी काही जण पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात.

दुसरी गोष्ट आठवणींची. प्रचंड ताणात, घटनेला वेळ-काळ लावून ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाचं काम बिघडतं, म्हणून ट्रॉमाची आठवण पुष्कळदा सलग गोष्टीसारखी येत नाही, तुकड्यातुकड्यात येते, एखादा वास, एखादा आवाज, मनगट कुणीतरी धरल्याचा भास. आणि ती आली की झालं-गेलं असं वाटत नाही, आत्ता होतंय असंच वाटतं. अशा वेळी विचार करणारा पुढचा मेंदू मागे पडलेला असतो, त्यामुळे अगं आता काही नाहीये, विसरून जा असं समोरच्याने कितीही समजावलं तरी ते आत पोचत नाही.

हे निरीक्षण जुनंच आहे. फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी 1889 मध्येच आघात आणि तुटलेल्या आठवणी यांच्यावर लिहिलं होतं, पहिल्या महायुद्धात थरथरणाऱ्या, वाचा गेलेल्या सैनिकांसाठी शेल शॉक हा शब्द रूढ झाला, आणि पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा विकार) हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत आलं ते थेट 1980 साली.

सेशनमध्ये

लोकांना वाटतं थेरपी म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकायचं. चांगला ट्रॉमा थेरपिस्ट नेमकं हेच होऊ देत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये मांडलेले तीन टप्पे आजही बरेच जण वापरतात, आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा जगण्याशी नातं. पहिल्या टप्प्याला कितीही वेळ लागू शकतो आणि तो वेळ वाया गेलेला नसतो.

समजा एक बाई कारच्या अपघाताबद्दल बोलतायत. आवाज अगदी सपाट, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत. पण उजवा पाय मात्र जमिनीवर दाबला जातोय, पोटरी ताठ झालीय, श्वास वरच्यावर अडकलाय. थेरपिस्ट म्हणते, जरा इथेच थांबू या, तुमचा उजवा पाय काय करतोय बघा. बाई खाली बघतात, त्यांना कळतं की आपण अजून ब्रेकच मारतोय. पायाला अजून दाबावंसं वाटतंय का, असं विचारल्यावर त्या हळूहळू दाबतात, मांडी थरथरते, मग एक लांब उच्छ्वास बाहेर येतो. त्या दिवशी अपघाताची गोष्ट तिथेच राहते. पुढे बोलायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, कारण ट्रॉमात आपल्या हातात काहीच राहिलेलं नसतं आणि थांबा म्हटल्यावर समोरचा खरंच थांबतो हा अनुभवही उपचारच आहे.

यामागची कल्पना म्हणजे विंडो ऑफ टॉलरन्स, मानसोपचारतज्ज्ञ डॅन सीगल यांचा शब्द, सहन होईल एवढाच पट्टा. त्याच्या वर गेलं तर घाबरगुंडी, खाली गेलं तर बधिरपणा. पट्ट्यात परत यायला पाय जमिनीला टेकवणं, खोलीतल्या पाच वस्तू बघून त्यांची नावं घेणं, उच्छ्वास लांबवणं असले साधे उपाय असतात. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी मज्जातंतू) हृदयाची गती खरोखर कमी होते, त्यामुळे लांब उच्छ्वासाला शारीरिक आधार आहे. पण काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट गुदमरायला होतं, त्यांच्यावर ते लादू नये.

पद्धती आणि पुरावा

पीटर लेव्हिन यांची सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग, पॅट ऑग्डन यांची सेन्सरीमोटर सायकोथेरपी, फ्रान्सिन शपिरो यांनी 1987 पासून विकसित केलेली, डोळ्यांच्या हालचाली वापरणारी ईएमडीआर आणि ट्रॉमा-सेन्सिटिव्ह योगा ही या वाटेवरची ओळखीची नावं. सगळ्यांचा पुरावा सारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये पीटीएसडीसाठी ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर सुचवली, सोमॅटिक म्हणजे शरीरातून काम करणाऱ्या पद्धतींवरचे अभ्यास अजून कमी आणि छोटे आहेत. योगाचा 2014 चा एक अभ्यास आशादायक होता, पण त्यात फक्त 64 स्त्रिया होत्या. पॉलिव्हेगल थिअरी, म्हणजे भीती आणि सुरक्षितता व्हेगस नर्व्हच्या आधारे समजावणारा सिद्धांत, थेरपिस्ट मंडळींची खूप आवडती, तिच्या शरीरशास्त्रावर मात्र शास्त्रज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत. आणि ट्रॉमा स्नायूंमध्ये साठतो हे शब्दशः घ्यायचं नाही, शिकलेली असते ती मज्जासंस्था, स्नायू फक्त तिचं ऐकतात.

मला सगळ्यात धोक्याची वाटते ती एक गोष्ट: मान दुखते, ओटीपोट आखडतं म्हणजे लहानपणी नक्की काहीतरी झालं असणार आणि तुम्ही ते विसरलात, असं सुचवणारा थेरपिस्ट. शरीराच्या लक्षणावरून घटना सिद्ध होत नाही, आणि अशा सुचवण्यातून खोट्या आठवणी तयार होऊ शकतात. छातीत दुखणं, चक्कर, सततचं पोट बिघडणं हे आधी डॉक्टरला दाखवायचंच, चालू गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, आणि स्पर्श करायची कुठलीही पद्धत असेल तर दर वेळी विचारूनच.

एकाच अपघाताचा ट्रॉमा काही महिन्यांत हलका होऊ शकतो, लहानपणापासून वर्षानुवर्षं सोसलेल्याला बराच जास्त काळ लागतो. फरक बरेचदा आधी शरीरातच दिसतो, जबडा सैल पडतो, रात्री झोप सलग लागते, दार आपटलं तर दचकायला होतं पण दोन मिनिटांत खांदे खाली येतात.