ब्रेक हळू मारला की पूल बघायची मजा का जाते?

परवा रात्री लॅपटॉपवर नाइन-बॉलची एक जुनी मॅच लावून बसलो होतो (पूल म्हणजे क्यू नावाच्या लांब काठीने टेबलावर खेळायचा बॉलचा खेळ, नाइन-बॉल हा त्यातला एक प्रकार), शेजारी भाचा. वय बारा, पूल आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. खेळाडू वाकला, क्यू थोडासा मागे घेतला आणि टक्. पांढरा बॉल आरामात गेला, नऊ बॉलचा तो शंकरपाळा हळूच सुटला आणि कडेचा एक बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये जाऊन बसला. पुढच्या गेमला तेच, त्याच्या पुढच्या गेमलाही तेच, तोच कडेचा बॉल, तेच पॉकेट. चौथ्या वेळेला भाचा म्हणाला, "मामा, हा जोरात का नाही मारत? दमलाय का?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि याच प्रश्नावर पूलवाले वीस-पंचवीस वर्षं भांडतायत. गेम सुरू करताना एकत्र लावलेले बॉल फोडणारा पहिला फटका म्हणजे ब्रेक, आणि तो असा हळू मारला की त्याला सॉफ्ट ब्रेक म्हणतात.

ज्यांनी नाइन-बॉल बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १ ते ९ नंबरचे बॉल एक-दोन-तीन-दोन-एक अशा ओळींत चिकटवून लावतात, टोकाला १ नंबर, बरोबर मध्ये ९ नंबर. या मांडणीला रॅक म्हणतात. टेबलावर जो सगळ्यात लहान नंबर असेल त्याला आधी मारायचं, आणि ९ नंबर नियमात राहून जो पॉकेटमध्ये टाकेल तो जिंकला. ब्रेकवर एखादा बॉल पडला तर पाळी तुमचीच राहते, नाही पडला तर समोरचा टेबलावर येतो. मोठ्या लेव्हलला एकदा समोरचा टेबलावर आला की तो सगळे बॉल टाकूनच उठेल अशी शक्यता असते, त्यामुळे ब्रेकवर एक बॉल पडणं म्हणजे अर्धा गेम खिशात.

आता आपण सगळे कॅरमवर वाढलोय त्यामुळे फोडणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं शिकवायला नको. सोंगट्या लावताना पांढऱ्यांचा वाय करायचा, तो पॉकेटच्या दिशेला फिरवून घ्यायचा, बोटांनी चारी बाजूंनी दाबून घट्ट करायचं, हे काही आपण उगाच करत नव्हतो. दाबून घट्ट लावलेल्या सोंगट्या कुठे जाणार हे बऱ्यापैकी आधी ठरलेलं असतं, हे प्रत्येक पोराला अनुभवाने माहिती असतं.

पूलमध्ये हेच फार टोकाला गेलं. पूर्वी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या त्रिकोणाने बॉल लावायचे, त्यात कुठे ना कुठे फट राहायचीच. मग सार्डो टाइट रॅक नावाचं एक यंत्र आलं, ते बॉल वरून दाबून एकदम गच्च बसवायचं. आणि २००१ च्या नाइन-बॉलच्या यूएस ओपनमध्ये अमेरिकेच्या कोरी ड्युएलने सॉफ्ट ब्रेक मारत मारत स्पर्धा जिंकली, फायनलमध्ये माईक सिगेलसारख्या दिग्गजाला ११-० ने हरवून. अकरा-शून्य! मला ड्युएलबद्दल मनापासून आदर आहे, कारण बाकी सगळे अंगातली ताकद लावून ब्रेक मारत असताना या माणसाने टेबलाकडे नीट बघितलं आणि ओळखलं की आता ताकदीची गरजच उरलेली नाहीये.

का उरली नाही, तो यातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

दोन बॉल आदळतात तेव्हा ते एकमेकांना चिकटलेले असतात फक्त सेकंदाच्या साधारण चार-पाच हजाराव्या भागाएवढा वेळ. तेवढ्यात धक्का इकडून तिकडे जातो, आणि तो जवळपास नेहमी दोन्ही बॉलच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेतच जातो. म्हणजे बॉल कुठल्या दिशेला उडणार हे त्याला कोण कुठून टेकलंय यावर ठरतं. नऊच्या नऊ बॉल एकमेकांना खरोखर टेकलेले असतील आणि पांढरा बॉल दरवेळी १ नंबरला त्याच जागी लागला, तर या सगळ्या रेषा दरवेळी त्याच राहतात. जोर दुप्पट केला तर सगळ्यांचे वेग साधारण दुप्पट होतील पण दिशा फार बदलणार नाहीत. मधल्या ओळीत ९ नंबरच्या दोन्ही बाजूंना जे बॉल असतात त्यांना विंग बॉल म्हणतात, त्यातला एक अशाच ठरलेल्या तिरक्या रेषेत निघतो आणि ती रेष नेमकी कोपऱ्यातल्या पॉकेटवर जाते. भाच्याने चार वेळा बघितला तो हाच बॉल.

आता यात कागदाच्या जाडीएवढी फट टाका. ज्याला धक्का आधी मिळायला हवा होता त्याला क्षणभर उशिरा मिळतो, तोपर्यंत शेजारचा हललेला असतो, आणि विंग बॉलची रेष पॉकेट सोडून भलतीकडे वळते.

आम्ही हे लगेच करून बघितलं. कॅरम काढला, थोडी पावडर टाकली, नऊ सोंगट्या त्याच आकारात गच्च लावल्या आणि स्ट्रायकर मधोमध हळू मारला. कडेच्या दोन सोंगट्या दरवेळी जवळपास त्याच कोनात निघायच्या, भाच्याने पेन्सिलने बारीक खूण करून ठेवली होती आणि सोंगटी तिच्या आसपासच जायची. मग मी मधल्या सोंगटीला नखाने जरासं सरकवलं, वरून बघितलं तर कळणारही नाही इतकंच. सोंगटी खुणेपासून वीतभर लांब. भाच्याने स्वतः पाच-सहा वेळा केलं, फट ठेवून आणि न ठेवता, आणि मग मॅच बघायची सोडून तेच करत बसला :)

म्हणजे बघा, जुन्या सैल रॅकमध्ये जोरात मारण्यामागे पक्कं कारण होतं. काय पडेल याची खात्री नाही, मग निदान सगळे बॉल भरपूर फिरवा, जितके जास्त फिरतील तितकी कुठलातरी एक पडायची शक्यता जास्त. गच्च रॅकमध्ये पडणारा बॉल आधीच माहिती आहे, मग बाकीच्यांना फिरवायचं कशाला? पूलचा बॉल जास्तीत जास्त १७० ग्रॅमचा असतो, ताशी ३६ किलोमीटरने गेला तर त्यात साधारण साडेआठ ज्यूल ऊर्जा असते, वेग निम्मा केला की दोन ज्यूलच्या थोडी वर, म्हणजे पाव. ऊर्जा पाव झाली की बॉल कमी धावतात, कुशनवर (टेबलाच्या रबरी कडांवर) कमी आदळतात, आणि प्रत्येक आदळण्यात जी थोडी थोडी अनिश्चितता वाढत जाते ती वाढायच्या आत थांबतात. पांढरा बॉल पण मध्येच कुणाचा धक्का लागून पॉकेटमध्ये पडत नाही. खेळाडूच्या बाजूने बघितलं तर यात नाव ठेवायला जागाच नाही.

पण बघणाऱ्याचं काय? त्याला त्या ब्रेकमध्ये एक गोष्ट मिळत होती, की पुढचे दोन-तीन सेकंद काय होणार हे टेबलाजवळच्या कुणालाच माहिती नाही, ब्रेक मारणाऱ्यालासुद्धा. नऊ रंग एकाच वेळी सुटलेत, तो कडाड आवाज हॉलभर झालाय, आणि सगळ्यांचे डोळे एकदम सहा पॉकेटवर. अमेरिकेच्या शेन व्हॅन बोएनिंगचा जोरदार ब्रेक बघताना अजूनही माझा श्वास अडकतो. सॉफ्ट ब्रेकमध्ये ते दोन-तीन सेकंद जातात, आणि पुढे बॉलसुद्धा दरवेळी त्याच भागात येऊन थांबतात म्हणून पुढचा गेमही मागच्यासारखाच दिसायला लागतो.

बरेच जण म्हणतात हळू मारणंच वाईट, ते मला पटत नाही. स्नूकरचा ब्रेक बघा. तो कायम हळूच असतो, लाल बॉलच्या ढिगाला कडेला हलकेच लावून पांढरा बॉल वर परत, आणि कुणी कधी तक्रार केली नाही. कारण तिथे ब्रेक मारणाऱ्याला लगेच काहीच मिळत नाही, पाळी समोरच्याकडे जाते आणि खरी झुंज तिथून सुरू होते. पूलमध्ये हळू मारून बॉलही पडतो, पाळीही राहते, धोकाही जवळपास शून्य. हा जो फुकटचा, ठरलेला बॉल आहे ना, तो बघणाऱ्याला खुपतो.

आणि हे पूर्वी झालेलं आहे, पूलच्या थोरल्या भावाबरोबर, म्हणजे बिलियर्ड्सबरोबर (पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स ज्यात १९५८ साली जगज्जेते झाले तो खेळ). १९०७ साली इंग्लंडच्या टॉम रीसने दोन बॉल पॉकेटच्या तोंडाशी अशा जागी अडकवले की पांढऱ्याने दोघांना नुसतं हलकं शिवत राहायचं, ते हलतच नाहीत आणि पॉइंट मिळत राहतात. आठवडेच्या आठवडे हेच करत त्याने ४,९९,१३५ चा ब्रेक (बिलियर्ड्समध्ये ब्रेक म्हणजे एका पाळीत सलग मिळवलेले पॉइंट) केला, तोही न संपलेला! शेवटी त्या शॉटवर बंदी आणावी लागली. कौशल्य अफाट होतं, पण तिकीट काढून आलेल्या माणसाने बघायचं काय?

पूलवाल्यांनीही उपाय केले. पूलच्या मोठ्या स्पर्धा भरवणाऱ्या मॅचरूम कंपनीच्या स्पर्धांमध्ये तीन पॉइंटचा नियम आला, म्हणजे ब्रेकवर पडलेले आणि ब्रेक मारणाऱ्याच्या बाजूची पाव टेबलावरची रेष ओलांडून आलेले बॉल मिळून निदान तीन झाले पाहिजेत. त्याने जोर लावावा लागतो हे खरं, पण मला तो वरवरचा इलाज वाटतो, कारण ठरलेला बॉल ठरलेलाच राहतो, फक्त जास्त आवाज करून पडतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. टेबलावरच्या ज्या ठिपक्यावर १ नंबर ठेवायचे तिथे ९ नंबर ठेवायचा. अख्खा रॅक त्यामुळे साधारण १० सेंटीमीटर पुढे सरकतो, विंग बॉलची रेषही तेवढीच सरकते, आणि तो पॉकेटच्या थोडं अलीकडे कुशनवर आदळतो. नियमाची भाषा न वाढवता नुसती भूमिती बदलली! मग खेळाडूंनी काय करावं, तर १ नंबरला तिरका कापून तो मधल्या पॉकेटमध्ये टाकायचा ब्रेक बसवून घेतला. टॉपचे लोक तोही इतक्या सफाईने मारतात की बघत राहावं, पण निदान त्यात नेम आणि जोर दोन्ही जमावं लागतं, आणि चुकतोही.

सगळ्यात मोठी अडचण रॅकचीच आहे. हल्ली बॉलखाली एक पातळ प्लॅस्टिकची पट्टी ठेवून त्यावर रॅक लावतात, त्यात बॉल आपोआप टेकून बसतात. ती आली कारण त्रिकोणाच्या काळात "तू मुद्दाम सैल लावलास" म्हणून भांडणं व्हायची, आणि दोघांना सारखा रॅक मिळावा ही मागणी योग्यच होती. पण दोघांना सारखा म्हणजे दोघांना परफेक्ट, आणि परफेक्ट म्हणजे आधीच माहिती असलेला. मला विचाराल तर पंचाने त्रिकोणाने हाताने लावलेला रॅक दोघांना सारखाच मिळतो, थोड्या फटी असतील त्या दोघांच्याही नशिबात असतील, आणि मी तो कधीही पसंत करेन.

काही जण म्हणतात नाइन-बॉल सोडा, टेन-बॉल खेळा, तिथे एक-दोन-तीन-चार असा त्रिकोण असतो आणि असा हमखास पडणारा विंग बॉल मिळत नाही. हे भाच्याला सांगितलं तर त्याने दहावी सोंगटी उचलली, त्रिकोण लावला, दोन्ही तळहातांनी दाबून घट्ट केला आणि म्हणाला, "मामा थांब, आधी हळू मारून बघू."