व्यायामासाठी स्वस्तातला एमपी३ प्लेअर घेताय? आधी हे वाचा

दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती जीबीचा आहे?" आम्ही उलट विचारतो, "तुमची गाणी आहेत कुठे?"

कारण ॲपवर 'डाउनलोड' केलेली गाणी प्लेअरमध्ये जात नाहीत. ती फाइल कुलूपबंद असते. त्याच ॲपमध्ये वाजते, तीही वर्गणी चालू असेपर्यंत. तेव्हा तुमचं सगळं ऐकणं ॲपवरच असेल, तर प्लेअर घेऊ नका. त्या पैशात फोनसाठी दंडाला बांधायचा पट्टा आणि बरा इअरफोन येईल. आमची एक विक्री बुडाली तरी चालेल, पण आठवड्याने "गाणी जाईनात हो यात" म्हणत कुणी डबा परत आणलेला नको.

घरात जुन्या सीडी असतील, विकत घेतलेल्या एमपी३ फाइल असतील, कीर्तनाची किंवा व्याख्यानांची स्वतः केलेली रेकॉर्डिंग असतील, तर मात्र प्लेअर तुमच्यासाठीच आहे. सीडीवरून एमपी३ कसं करायचं ते काउंटरवर दाखवू. "कार्डात गाणी भरून द्या की," असंही बरेच जण म्हणतात. पूर्वी गल्लोगल्ली मोबाइलच्या दुकानांत हा धंदा चालायचा. तो बेकायदा आहे, आम्ही करत नाही.

मग फोन असताना प्लेअर कशाला?

वजन हे पहिलं कारण. हल्लीचा फोन साधारण दोनशे ग्रॅमचा, क्लिपचा प्लेअर बहुधा तीस ग्रॅमच्या आतबाहेर. भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलांना खिशात हिंदकळणारा फोन नको असतो. दुसरं म्हणजे प्लेअरवर कुणाचा फोन येत नाही, ग्रुपवरचं 'शुभ सकाळ' येत नाही. आणि रस्त्यावर पडलाच, तर नुकसान फोनएवढं नाही.

किती जीबी?

८ पुरे. १२८ केबीपीएसच्या (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा, जितका मोठा तितकी फाइल जड) एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागते, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ एमबीत बसतं आणि ८ जीबीत दीड हजारावर गाणी मावतात. ३२० केबीपीएसला हाच हिशेब सहाशेच्या थोडा वर जातो. पळताना धाप लागलेली असते, बाजूने गाड्या जात असतात. तिथे १२८ आणि ३२० मधला फरक ऐकू येईल असं आम्हाला तरी वाटत नाही. वेगळं कार्ड टाकणार असाल तर ३२ जीबीच्या पुढे जाऊ नका. मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि बरेच स्वस्त प्लेअर ती वाचत नाहीत. चार-पाचशे रुपयांत '१ टीबी' म्हणून मिळणाऱ्या कार्डाचा तर विचारही करू नका. लेबलवर आकडा मोठा, आत जागा चिमूटभर. भरत गेलात की पुढची गाणी गायब.

तीन-चारशेवाले बिनस्क्रीनचे प्लेअर

हे आम्हीही ठेवतो. यात स्वतःची मेमरी बहुधा नसते, कार्ड वेगळं घ्यावं लागतं. गाणी नावाच्या क्रमाने नव्हे, तर ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजतात. म्हणून वॉर्म-अपची संथ गाणी आधी टाका, जलद नंतर, पुन्हा संथ शेवटी. स्क्रीनचा प्लेअर घेतलात आणि नावांच्या जागी नुसत्या चौकटी दिसल्या, तर प्लेअर बिघडलेला नाही, त्याला देवनागरी येत नाही. फाइलची नावं रोमन लिपीत ठेवा.

"आयपॉड शफल मिळेल का?" हा प्रश्न अजून येतो. शफल म्हणजे ॲपलचा छोटा, बिनस्क्रीनचा क्लिपचा प्लेअर. तो २०१७ साली बंद झाला, आयपॉडची उरलेली मालिकाही २०२२ मध्ये. आज त्या आकाराचं कुणी 'नवीन' म्हणून विकत असेल, तर ती नक्कल असते, नाहीतर वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल, ज्याची बॅटरी थकलेली असू शकते.

घाम

स्वस्त प्लेअर आवाजामुळे कमी आणि घामामुळे जास्त बिघडतात. दुरुस्तीला आलेल्या प्लेअरची चार्जिंगची खाच भिंगाखाली धरली, की आत हिरवट पूड दिसते. घामातल्या मिठाने खाल्लेला धातू तो. व्यायाम झाला की प्लेअर कोरड्या फडक्याने पुसा, तासभर उघड्यावर राहू द्या, मगच चार्जिंगला लावा. ओल्या खाचेत वायर घातलीत तर गंज झपाट्याने चढतो. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, बॅटरी फुगते.

टचस्क्रीनपेक्षा बटणं बरी. घामेजलं बोट टचला कळत नाही. बटण न बघता, नुसतं चाचपून सापडलं पाहिजे. 'होल्ड'ची, म्हणजे बटणं तात्पुरती बंद ठेवायची, सोय आहे का तेही बघा, नाहीतर दोरीच्या उड्या मारताना टी-शर्ट घासून गाणी बदलत राहतील.

डब्यावर आयपीएक्स४ (पाणी किती सोसेल ते सांगणारा दर्जा) लिहिलं असेल तर घाम आणि शिंतोडे चालतील, पोहणं नाही. पोहायला आयपीएक्स८ आणि गाणी हेडसेटच्याच मेमरीत असलेला प्लेअर लागतो. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे काठावरच्या फोनवरून पाण्याखाली गाणं येत नाही. हे प्लेअर महाग आहेत. आठवड्यातून एकदा पोहणाऱ्याने घ्यावेत असं आम्ही म्हणणार नाही.

एफएम हवं असेल तर वायरचा इअरफोन ठेवा. ती वायरच एरियलचं काम करते.

रस्त्यावर पळणाऱ्यांसाठी

पहाटे हायवेच्या कडेने पळत असाल तर एकच कान झाका. ट्रकच्या आवाजावर मात करायला लोक गाणं मोठं करतात आणि मग हॉर्न ऐकू येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. आवाज जितका चढवाल तितके तास झपाट्याने कमी होतात. आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या आत ठेवा.

बिल घेताना

डब्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर ॲपवर तो पडताळता येतो. वॉरंटी किती महिन्यांची, बॅटरी त्यात धरली आहे का, हे बिलावर लिहून मागा. पाणी गेल्यास वॉरंटी सहसा लागू होत नाही.

येताना रोजचा इअरफोन आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह आणा. प्लेअर कमरेला लावून दुकानासमोर जागच्या जागी वीस-पंचवीस उड्या मारा, लाजू नका. क्लिप सुटली तर तो काउंटरवरच ठेवा, दुसरा दाखवतो.