झुरिकची 'न्योड', बर्नची 'नीड'

'होई, खुन्श ह्यूट?' 'नाई, खान न्योड.'

अरे, आज येतोस का? नाही, जमत नाही. झुरिकमधल्या दोन मित्रांचं मोबाइलवरचं हे बोलणं. शाळेत शिकलेल्या जर्मनमध्ये हाच प्रश्न 'कोम्स्ट डू हॉइटे?' असा होतो. दोघांनाही ती जर्मन उत्तम येते. वर्तमानपत्र तिच्यात, परीक्षा तिच्यात, नोकरीचा अर्जही तिच्यातच. तरी मित्राला तसं लिहिणं म्हणजे घरच्या जेवणाला कोट घालून बसणं.

स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात लिहायची भाषा एक आणि बोलायची दुसरी, अशी जुनी वाटणी आहे. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली अशा दुहेरी व्यवहाराचं गाजलेलं विवेचन केलं, तेव्हा निवडलेल्या चार उदाहरणांत हे एक होतं. आपल्याकडे मालवणी किंवा अहिराणी बोलणारा माणूस कचेरीत गेला की बहुधा प्रमाण मराठीकडे वळतो. तिथे तसं नाही. डॉक्टर, बँकेतले साहेब, मंत्री, सगळे आपापसात बोलीच बोलतात. बोलीला मान होता, पण रोजच्या लिहिण्यात तिला फारशी जागा नव्हती.

ती जागा तरुणांनी मिळवून दिली. नव्वदच्या दशकात इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोल्या आल्या, मग एसएमएस, मग व्हॉट्सअॅप. 2009-10मध्ये संशोधकांनी स्वित्झर्लंडभरच्या लोकांकडून त्यांनी स्वतः लिहिलेले सुमारे 26,000 एसएमएस गोळा केले. त्यात 10,000हून अधिक स्विस जर्मन बोलीत होते. प्रमाण जर्मनमधले त्याहून बरेच कमी. फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श संदेशही या साठ्यात आहेत, हे लक्षात घेतलं तर बोलीचा वाटा किती मोठा ते कळतं.

आणि हे सगळं शुद्धलेखनाच्या नियमांवाचून! ऑइगेन डीट यांनी 1938मध्ये बोली कशी लिहावी याची पद्धत सुचवली होती. तो काळ शेजारी नाझी जर्मनी असण्याचा. आम्ही वेगळे आहोत हे सांगायला बोली हीच खूण होती. अभ्यासक ती पद्धत आजही वापरतात. मोबाइलवर लिहिणारी मुलं मात्र कानाला जसं ऐकू येतं तसं लिहितात.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती 'नाही' या शब्दाची. प्रमाण जर्मनमध्ये तो 'निख्ट'. झुरिकची मुलगी लिहिते 'न्योड', बर्नची 'नीड', बाझेलची 'निट', लुत्सर्नची 'नेड'. नियम नाहीत म्हणून प्रत्येकीचं गाव अक्षरांत उतरतं. छापील जर्मनने हे चारही आवाज एकाच शब्दाखाली झाकले होते. शाळेचे संस्कारही अधूनमधून डोकावतात. 'पुष्कळ' या अर्थाचा 'फील' शब्द कुणी शाळेतल्यासारखा 'आय'पुढे 'ई' जोडून लिहितं. बोलीत ही जोडी एरवी 'इअ' अशी वाचतात, म्हणून दुसरा नुसता 'आय' लिहितो, तिसरा दोन 'आय'. वाचणाऱ्याचं अडत नाही. तो मनातल्या मनात मोठ्याने वाचतो. संगणकाचं मात्र अडतं. एका शब्दाची पाच रूपं समोर आली की तो एकच शब्द आहे, हे यंत्राला मुद्दाम शिकवावं लागतं.

याची झळ बसते ती त्याच देशातल्या फ्रेंचभाषक तरुणांना. ते शाळेत प्रमाण जर्मन शिकतात आणि मित्रांच्या गटात गेले की समोर 'खान न्योड' येतं. आपलेपणाची खूण बाहेरच्याला कुंपणासारखी लागते, हेही तितकंच खरं.

2013मध्ये एक मोबाइल अॅप आलं. 16 शब्द तुम्ही कसे उच्चारता ते सांगायचं. तुमचं गाव कोणतं असावं ते अॅप ओळखू पाहतं. त्यामागचे नकाशे होते 1939 ते 1958 या काळात गावोगाव फिरून जमवलेल्या माहितीचे. अशा जुन्या नोंदींशी आजची बोली ताडून पाहिली की जिव्हाळ्याचे काही शब्द विरळ झालेले दिसतात. फुलपाखराला बोलीत 'सुमरफोगेल' म्हणत, म्हणजे उन्हाळ्यातला पक्षी. आता पुष्कळ तरुणांच्या तोंडी प्रमाण जर्मनमधला 'श्मेटरलिंग' असतो. तो उडून गेला, हे सांगतानाचं व्याकरण आणि उच्चार मात्र अजून गावचेच आहेत.