विज्ञानकथेतील नीतिप्रश्नांचे संशोधन

विज्ञानकथेत मांडलेला सामाजिक वा नैतिक पेच प्रत्यक्ष समाजात आज कोणत्या रूपात आहे, हे कागदपत्रे, आकडेवारी व मुलाखतींच्या आधारे तपासण्याची अभ्यासपद्धती. साहित्यसमीक्षा कथेची घडण पाहते. इथे कथा फक्त प्रश्न पुरवते. कथेतला प्रसंग पुरावा म्हणून धरता येत नाही, आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प घसरतात ते बहुधा इथेच.

सुरुवात कथेतले ‘समजा’ एका वाक्यात उतरवून होते : समजा, हवा तेव्हा, हवा तिथे पाऊस पाडता आला. मग त्यातले आज खरोखर होणारे, थोडेफार होणारे आणि निव्वळ कल्पनेतले वेगळे करायचे. यापुढे चार गोष्टी विचारायच्या. निर्णय कोण घेतो, लाभ कोणाला, तोटा कोणाच्या माथी आणि बिघडले तर जाब कोणाला विचारायचा. चौथीकडे सर्रास दुर्लक्ष होते, आणि खरे संशोधन तिथेच असते.

मराठवाड्यात हे पावसाचेच उदाहरण सर्वांत हाताशी आहे. २०१५ व २०१९ साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) रडार बसवून विमानाने कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. २०१९ साठी राज्य सरकारने ३० कोटी रुपये मंजूर केले होते. कथेतल्या यंत्रासारखी ही पद्धत ढग तयार करत नाही. आधीच पाणी धरून असलेल्या ढगात बीजारोपण होते : उष्ण ढगात मिठाचे सूक्ष्म कण, शून्याखाली तापमान गेलेल्या ढगात सिल्व्हर आयोडाइड. निरभ्र आकाशात विमान फिरवून काही होत नाही, आणि ऐन दुष्काळात असे ढगच दुर्मीळ. म्हणून ‘आमच्या वाटचा पाऊस शेजारच्या तालुक्याने पळवला’ हा आरोप तपासायचा तर त्या दिवशी कोणत्या ढगात, किती वाजता बीजारोपण झाले, हे आधी हाती हवे.

त्यासाठी उड्डाणनोंदी आणि महसूल मंडळनिहाय (तालुक्यातील काही गावांच्या गटानुसार) दैनिक पाऊस लागतो. तालुक्याची सरासरी घेऊ नये. एक मंडळ चिंब आणि दुसरे कोरडे, हे तीत दिसतच नाही. पावसाच्या नोंदीचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो, त्यामुळे दुपारच्या उड्डाणानंतरचा पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेखाली सापडतो. हे ठाऊक नसलेला अभ्यासक भलताच दिवस ताडून पाहतो. नोंदी माहिती अधिकारात मागता येतात : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तरासाठी ३० दिवस. ‘प्रयोग यशस्वी झाला का?’ असे मत मागणारा अर्ज वाया जातो; ‘अमुक तारखेच्या उड्डाणनोंदीची प्रत द्यावी’ असे लिहावे.

आकडे हाती आल्यावरही घाई नको. बीजारोपणासाठी ढग मुळात भरलेलाच निवडतात, त्यामुळे त्यानंतर पडलेला सगळा पाऊस प्रयोगाच्या खाती टाकता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात २०१८-१९ मध्ये काही ढग यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून) बीजारोपणाविना सोडले, म्हणून तिथे तुलना करता आली. पावसात सुमारे १८ टक्के वाढ आढळली. परिणाम आहे, पण टँकर बंद करण्याइतका नाही.

मुलाखतीत आधी माणसाचा स्वतःचा अनुभव विचारावा, कथा नंतर वाचून दाखवावी. क्रम उलटला की कथेतलीच उत्तरे परत येतात. वेळही पाहावी लागते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतले ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावर, परततात. डिसेंबरात गेलेल्याला कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि लेकरेच भेटतात, अहवालात मात्र ‘गावाचे मत’ म्हणून तेच छापले जाते. मुकादम (मजुरांची टोळी नेणारा) बसलेला असताना मजुराशी बोलू नये. अंगावर उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) असलेला माणूस त्याच्यासमोर मोकळा होत नाही.

हव्या तशा संततीची निवड हा विज्ञानकथेचा दुसरा आवडता विषय. इथे तो भविष्यातला नाहीच. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ०–६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. मात्र जिल्ह्याच्या आकड्यावरून कोण्या एका डॉक्टरबद्दल किंवा कुटुंबाबद्दल काही सिद्ध होत नाही. सोनोग्राफी केंद्रांना प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ’ फॉर्म (तपासणीची नोंद) भरावा लागतो. अभ्यासासाठी त्यांतली नावे नव्हे, एकूण संख्याच मागावी. हे फॉर्म २ वर्षे (खटला चालू असल्यास तो निकाली निघेपर्यंत) ठेवणे बंधनकारक असल्याने त्याआधीच्या काळासाठी जन्मनोंदणीकडेच वळावे लागते.