पेब्रिन नेमका कोण, आणि त्यावर पावडर का चालत नाही
(चॉकी, म्हणजे लहान वयाच्या रेशीम अळ्या, नेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक)

रेशीम अळ्यांच्या रोगांपैकी ग्रासरी विषाणूचा, मस्कार्डिन बुरशीचा. पेब्रिन मात्र नोसेमा बॉम्बिसिस या एकपेशीय परजीवीचा, आणि त्याला कुठल्या खणात ठेवायचे हे ठरायला शंभरावर वर्षे गेली. 1857 साली शास्त्रज्ञ नेगेलीने नाव दिले ते यीस्टसारखी बुरशी समजून. 1882 मध्ये शास्त्रज्ञ बाल्बियानीने मायक्रोस्पोरिडिया हा वेगळा गट केला. पुढे पुस्तकांत तो प्रोटोझोआत (एकपेशीय प्राण्यांत) राहिला. जनुके तपासल्यावर गाडी परत बुरशीजवळ आली. मधमाशीतले त्याचे भाऊबंद तर 2020 मध्ये नोसेमातून काढून व्हेरीमॉर्फा प्रजातीत टाकले.

बुरशीजवळचा म्हणून बुरशीनाशक पावडर धुरळू नका. याचा बीजाणू जेमतेम 4 मायक्रॉन लांब, लंबगोल, चकचकीत. आत गुंडाळलेली नळी असते. पानाबरोबर पोटात गेला की नळी झटक्यात बाहेर येते, आतड्याच्या पेशीत घुसते आणि परजीवी थेट आत ओतते. बेडवरची (अळ्या-पाल्याच्या थरावरची) पावडर तिथे पोचत नाही.

ओळख अशी: कात टाकल्यावर काही अळ्या मागे पडतात, बेड लहानमोठा दिसतो. अंगावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके येतात, पण ते दरवेळी दिसतीलच असे नाही. शंका आली तर मोठी अळी चिरून रेशीमग्रंथी पाहा. निरोगी ग्रंथी काचेसारखी पारदर्शक असते. रोगट ग्रंथीवर पांढरे फोड असतात. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते (600 पट), म्हणून मागे पडलेल्या 20 अळ्या डबीत घालून आणा. धडधाकट अळ्या आणल्या तर तपासणी फुकट जाते.

रोग मादीकडून अंड्यात उतरतो, म्हणून अंडी घातल्यावर मादी पतंग कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही रीत पाश्चरची, 1860 च्या दशकातली, आणि आजही हीच खरी ढाल आहे. विनातपासणीचे स्वस्त अंडीपुंज घेऊ नका. उशिरा लागण झालेली अळी कोषही करते, त्यामुळे चांगल्या कोषावरून बियाणे निर्धोक ठरत नाही.

रोग सापडला तर पूर्ण बॅच, विष्ठा आणि उरलेला पाला जाळा. शेड आणि रॅकसाठी 100 लिटर पाण्यात 2 किलो ब्लीचिंग पावडर व 300 ग्रॅम विरलेला चुना. पावडरचे पोते उघडे राहिले असेल तर क्लोरीन उडालेले असते, तेव्हा नवीन पोते फोडा. आधी झाडून धूळ उडवू नका. वाळलेल्या विष्ठेत बीजाणू महिनोन्महिने टिकतात. पहिली फवारणी, मग धुणे, मग पुन्हा फवारणी.