टाके निघाले, मग हा असा का?

धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे आमच्या बापूंची मोटारसायकल घसरली. टाके निघाले, केस पुन्हा उगवले. गावाने निकाल तोवर देऊनही टाकला होता: “डोकाले मार लागना, आते तो कामातून गया.”

पण बापू अजूनही कापूस चिमटीत धरून ताणतात आणि धागा किती लांब भरेल ते बोटांनीच सांगतात. दुकानातून काय आणायचं, हे मात्र कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर विसरतात. मग दुसरा निकाल: “कापूस बरा कळतो! सोंग करतोय.”

हाताच्या वळणाचं कसब मेंदूच्या खोल गाभ्यात आणि लहान मेंदूत मुरतं. सकाळी झालेलं बोलणं साठवायला लागतो तो हिप्पोकॅम्पस, कानशिलाच्या आत खोलवर. एक शाबूत, एक दुखावलेला, असं सहज होतं. डोकं आदळलं की कवटी थांबते, पण आतला साधारण 1400 ग्रॅमचा मऊ मेंदू हलतच राहतो. कपाळामागचा नि कानशिलाजवळचा भाग हाडाच्या खडबडीत कडांवर घासतो, चेतातंतू ताणले जातात. हे ताणलेले तंतू सीटी स्कॅनमध्ये बरेचदा दिसत नाहीत. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ हे वाक्य म्हणूनच पेशंटच्या मुळावर येतं.

मला सगळ्यात लागतो तो ‘आळशी’ हा शब्द. कामाला सुरुवात करून देणं हे कपाळामागच्या भागाचं काम. तो दुखावला की माणूस ओट्यावर बसून राहतो. उठायचं मनात असतं, पण उठणं होत नाही. आठवडी बाजारातला गोंगाटही मेंदूला गाळता येत नाही. बापू तिथे एकदा ओरडले, तर लोक म्हणाले, पिसाळला.

डोक्याला मार लागला की माणूस कामातून गेला, हा समज जुना आहे. 1848 मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेजच्या कवटीतून सुमारे 6 किलोची पहार आरपार गेली. तो तापट, बेभरवशाचा झाला, एवढंच सांगितलं जातं. पुढे चिलीत त्याने काही वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली, ते कोणी सांगत नाही. घोडे, रस्ता, उतारू, वेळ, सगळं सांभाळून!

वहिनी आता बापूंना सकाळी सातलाच बाजारात पाठवतात, भोंगे सुरू व्हायच्या आत. खिशात चिठ्ठी. परवा चिठ्ठीत मिरच्या नव्हत्या, तरी बापूंनी आणल्या.

“मीच लिखाले इसरी गऊ,” वहिनी म्हणाल्या.