मानवतावाद

माणूस, त्याची विवेकबुद्धी आणि त्याचे ऐहिक जीवन यांना मूल्यविचारात मध्यवर्ती स्थान देणाऱ्या विचारप्रवाहांचे नाव. मराठीत ही संज्ञा दुहेरी काम करते. आपद्‌ग्रस्तांना पाठविलेली मदत ‘मानवतावादी’ म्हटली जाते आणि ईश्वराज्ञेचा आधार न घेता नीती मांडणारा विचारही मानवतावादीच. येथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. हा घोटाळा जुनाच आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस याची तक्रार अशी, की ‘हूमानितास’ म्हणजे सर्वांविषयीचा जिव्हाळा असे लोक समजतात. उत्तम लॅटिन जाणणारे मात्र त्याचा अर्थ विद्या व संस्कार, ग्रीकांच्या भाषेत ‘पायदेइया’, असा घेत. रोमन वक्ता व लेखक सिसेरो याच्या लेखनात दोन्ही छटा सापडतात, तेव्हा गेलियसचा निवाडा काहीसा एकांगी म्हणावा लागतो.

‘ह्यूमॅनिझम’ हे ‘-वाद’ जोडलेले रूप बरेच उशिराचे आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ नीटहामर याने ते १८०८ मध्ये, शाळांत प्राचीन भाषा शिकवाव्यात की व्यवहारोपयोगी विषय, या वादात वापरले. प्रबोधनकाळाला (रेनेसान्स) ते लावण्याचा प्रघात जर्मन इतिहासकार गेओर्ग फोइक्ट याच्या १८५९ मधील ग्रंथानंतर दृढ झाला. मानवतावादाचा जनक म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्या इटालियन कवी पेत्रार्कच्या (१३०४–७४) कानी हा शब्द कधी पडला नसावा. ‘उमानिस्ता’ हा शब्द मात्र पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत आढळतो. ‘जुरिस्ता’ म्हणजे कायद्याचा अध्यापक. त्याच धर्तीवर व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र शिकविणारा तो उमानिस्ता. विद्यापीठातील बोलीत हा शब्द घडला असावा, असे मानतात.

यावरून प्रबोधनकाळाचा विसाव्या शतकातील अभ्यासक पॉल ऑस्कर क्रिस्टेलर याने असे प्रतिपादिले, की हे लोक मुळात अध्यापक व चिटणीस होते आणि त्यांचे असे समान तत्त्वज्ञान नव्हते. हान्स बारोन व एउजेनिओ गारीन या इतिहासकारांना हे अमान्य होते. बारोनच्या मते १४०० च्या सुमारास मिलानशी झालेल्या संघर्षातून फ्लॉरेन्समध्ये नागरी मानवतावाद, म्हणजे प्रजासत्ताकाच्या सार्वजनिक जीवनातील सहभागाला महत्त्व देणारा विचार, उदयास आला. क्रिस्टेलरची बाजू कागदपत्रांच्या दृष्टीने अधिक भक्कम दिसते. तथापि व्याकरणासारखा निरुपद्रवी विषय सत्तेला कसा भिडतो, याचे उत्तर तीत पुरेसे मिळत नाही.

इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाला याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडील साम्राज्य पोपला बहाल केल्याचे एक दानपत्र प्रमाण मानले जाई. व्हालाने १४४० मध्ये त्याची भाषा तपासली. चौथ्या शतकातील रोमन फर्मानात ‘सत्रप’ (इराणी साम्राज्यातील प्रांताधिकारी) कोठून आले, असा त्याचा सवाल. ‘दियादेमा’ म्हणजे त्या काळी कापडी पट्टी. दानपत्र लिहिणाऱ्याला मात्र तो सोन्याचा मुकुट वाटला. दस्तऐवज बनावट ठरला. आज तो सामान्यतः आठव्या शतकातील मानतात. जर्मन धर्मपंडित निकोलस ऑफ क्यूसा याने आधीच शंका घेतली होती, हेही नमूद केले पाहिजे. शिवाय व्हालाचा आश्रयदाता, ॲरागॉनचा राजा आल्फोन्सो, नेपल्सच्या गादीवरून पोपशी भांडत होता, तेव्हा ही चिकित्सा निव्वळ ज्ञानार्थ होती असे नाही.

शिक्षणात व्हित्तोरिनो दा फेल्त्रे याने १४२३ मध्ये मांतुआ येथे काढलेली शाळा विशेष उल्लेखनीय होय. तेथे राजघराण्यातील मुलांबरोबर गरीब मुलेही शिकत आणि अभ्यासक्रमात मैदानी खेळांना स्थान होते.

विसाव्या शतकातील संघटित मानवतावादाचा या परंपरेशी संबंध नावापलीकडे किती, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील १९३३ च्या जाहीरनाम्यावर तत्त्वज्ञ जॉन ड्यूईसह ३४ जणांच्या सह्या होत्या. त्यात मानवतावाद हा नवा धर्म म्हणूनच मांडला होता. पुढील जाहीरनाम्यांतून ती भाषा गळाली. १९५२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जूलियन हक्सली याच्या अध्यक्षतेखाली मानवतावाद्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भारतात मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४६ मध्ये आपल्या मानवतावादाची बावीस सूत्रे मांडली. पक्षीय सत्ताकारण आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा मेळ बसत नाही, या निष्कर्षाप्रत येऊन त्यांनी १९४८ मध्ये स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षच विसर्जित केला.

सार्वजनिक जीवनात विवाह व अंत्यविधी यांचे धर्मनिरपेक्ष पर्याय हे या चळवळीचे ठळक अंग आहे. नॉर्वेत ख्रिस्ती दृढीकरण-संस्काराला (किशोरवयात श्रद्धेची पुष्टी करण्याचा विधी) पर्याय म्हणून १९५१ पासून नागरी सोहळा होऊ लागला. या सोहळ्यापूर्वी पौगंडवयीन मुलामुलींसाठी नीती व जीवनदृष्टी यांवर वर्ग घेतले जातात.